कम्प्यूटरमध्ये काही अर्थ नाही

राजधानी झाली अन् रायपूरले शिंगं फुटले. पानवाला 'राजधानी पान महल' झाला, कटिंगवाल्यानं 'राजधानी हेअर' लिहून घेतलं, अन् ज्यायले कालपर्यंत सायकलची चेन चढवता येत नव्हती ते गाडीच्या काचेवर 'छत्तीसगढ़ शासन' चिटकवून फिराले लागले. मंत्रालय बसवलं कुठं, तं जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. लोकं आधी तिथं ताप उतरवाले जायचे, आता ताप घेऊन परत येतात. मले काही तक्रार नाही. साहेब लोक आले तं गाड्या आल्या, गाड्या आल्या तं त्या बंद पडणार, अन् बंद पडलेली गाडी शेवटी पुरानी बस्तीत विनायक भुसारीच्या गॅरेजमध्येच येते. विनायक भुसारी म्हणजे मी.

चौतीस वर्षं झाले मले या धंद्यात. कार्बोरेटर मी डोळे मिटून खोलतो अन् डोळे मिटून बसवतो. पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनले पाजणारं एवढंसं भांडं, पण काय इमानदार! बिघडलं तं वास येते, धूर येते, फटफट होते. काही ना काही सांगते बिचारं. अन् मंग त्या कम्प्यूटरच्या गाड्या आल्या. डॅशबोर्डच्या खाली एक ॲल्युमिनियमचा डबा, टिफिनएवढा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सारं तो ठरवते. डब्याले ना नाक ना तोंड. बिघडला की मुका. कंपनीवाले म्हणतात बदला. असा तं मीही डॉक्टर होऊ शकतो. पोट दुखते? बदला पोट.

हे सारं मी गॅरेजमध्ये मोठ्यानं बोलायचो, अन् ते ऐकणारी एक होती. देवश्री, माझी पोट्टी. तेवीस वर्षांची, पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. लहान होती तेव्हा शाळेतून सरळ गॅरेजमध्ये यायची अन् स्टुलावर बसून मले पाने द्यायची. दहाचा मागितला तं दहाचाच द्यायची, चुकत नव्हती. डिप्लोमा झाल्यावर म्हणाली, "बाबा, गॅरेजची डावी बाजू मले द्या. कम्प्यूटरच्या गाड्या मी पाहीन, बाकी तुम्ही पाहा."

मी म्हटलं, "गॅरेज आहे हे, सायबर कॅफे नाही."

राग आला की ही पोट्टी हिंदीत जाते. "आप सुनते ही नहीं हो," म्हणाली अन् दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या एका मोठ्या सर्विस सेंटरले अर्ज टाकून आली. महिन्याभरात त्याइची चिठ्ठी आली, सोमवारी रुजू व्हा म्हणून. रमा, म्हणजे माझी बायको, मले म्हणाली, "एकुलती एक पोरगी आहे. थांब म्हटलं तं थांबेल. एकदा म्हणून पाहा." मी म्हटलं, मी कोणाले थांब म्हणत नसतो, गाडीले ब्रेक असते, माणसाले अक्कल असते. लय मोठं बोललो असं तेव्हा वाटलं मले.

तो आठवडा होता अन् गुरुवारी बाबाराव आले.

बाबाराव मूळचे अमरावतीचे, नोकरी भोपाळले, अन् राज्याची वाटणी झाली तेव्हा आमच्या वाट्याले जंगल, कोळसा अन् बाबाराव आले. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. चालतात असे की समोरच्यानं फाईल घेऊन पळत सुटावं. त्याइची पाच वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली पांढरी गाडी, कम्प्यूटरवाली. जयस्तंभ चौकात मधोमध बंद पडायची, मागं हॉर्नचा कल्ला, अन् दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

"विनायकराव," बाबाराव म्हणाले, "काल माझ्यामागं सेक्रेटरी साहेबांची गाडी होती. उतरून त्यांनी मले पाहिलं. काढून फेका तो कम्प्यूटर. साधा कार्बोरेटर बसवा. मले विज्ञान नको, मले ऑफिसले पोहोचायचं आहे."

मले तं आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आजपर्यंत मी नुसता बोलत होतो, आज कोणी कराले सांगत होतं.

देवश्री मागून म्हणाली, "काय बिघडलं ते न पाहता काहून काढता? दहा मिनिटांनी सुरू होते म्हणजे डबा जिवंत आहे. कुठंतरी काही सुटून राहिलं अन् लागून राहिलं."

"आल्या इंजिनियरबाई," मी म्हटलं.

"तीन दिवस द्या. रविवारपर्यंत बिघाड शोधून देते."

बाबाराव हसले. लोकांसमोर आपल्याच पोरीनं आव्हान दिलं की बाप मागं हटत नाही, अन् मी तं बापांमधला शहाणा. मी साऱ्यांदेखत म्हटलं, "शोधून दे. सापडला तं डावी बाजू तुझी, बोर्डावर नाव लिहून देतो. नाही सापडला तं सोमवारी मुकाट्यानं नागपूरची गाडी पकड."

"शब्द?"

"शब्द."

ती जिंकली तं राहणार, हरली तं जाणार, एवढं सरळ होतं ते. अन् मी काय केलं? त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेलो अन् त्याच मॉडेलच्या जुन्या, बिनकम्प्यूटरच्या गाडीचा कार्बोरेटर, तो ज्या नळ्यांवर बसते तो मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर अन् पेट्रोलपंप उचलून आणला. पोरीले तीन दिवस देऊन पहिल्याच दिवशी मी तिच्या हरण्याचं सामान आणून ठेवलं. असा बाप.

पोट्टीनं मात्र दोन दिवस मान वर केली नाही. एक-एक वायर शोधून कागदावर काढली, लाल पेनानं, निळ्या पेनानं. मी येता-जाता म्हणायचो, "रांगोळी छान झाली." ती ऐकायची नाही. शनिवारी सकाळी म्हणाली, "डबा ठीक आहे, सेन्सर ठीक आहेत. डब्याले वीज मधूनच कमी पडून राहिली. पण कुठं पडून राहिली ते या टेस्टरवर नाही दिसत. बीरगांवले फिरतूभैयाकडे चांगला मीटर आहे. गाडी तिकडे नेते."

फिरतूराम साहू. बीरगांवले त्याचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे, कारखान्यांचे ट्रक सारे त्याच्याकडे. माणूस अस्सल. खोलून पाहिल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. माझ्याकडे टेस्टर म्हणजे एक बल्ब अन् दोन वायरी. त्याच्यावर चौतीस वर्षं चालली म्हणून मी मीटर घेतला नव्हता, हे एक सांगून टाकतो.

बाबाराव तिथंच होते. त्याइले उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात काम होतं, बीरगांवच्या बाजूलेच. म्हणाले, मीच नेतो गाडी. देवश्री म्हणाली मीही येते. तं मीच म्हटलं, "दोघं कायले? साहेब काय कुक्कुलं बाळ आहेत? सांगितलेलं ऐकून येतील. तू इकडे हे दोन स्कूटर पाहा." स्कूटर काही मरत नव्हते. पण मले वाटलं, अर्धा दिवस तरी जाईल तिचा.

चार वाजता बाबाराव आले. गाडीतून उतरता-उतरताच हात झटकला.

"संपलं," म्हणाले. "तुमच्या फिरतूरामनं मीटर लावून सांगितलं. म्हणे, कम्प्यूटरमध्ये काही अर्थ नाही."

मी हातातला पाना खाली ठेवला. किती छान वाटलं म्हणून सांगू! साक्षात फिरतूराम! मी म्हटलं, "पाहा. शहाण्याले शब्दाचा मार."

देवश्री उभी राहिली. "नेमकं काय म्हणाला तो? त्याचे शब्द सांगा, काका."

"अगं, हेच शब्द. अर्थ नाही. दोनदा म्हणाला. विनायक भैयाले सांगा म्हणाला."

"फिरतूभैया ऐसे नहीं बोलते," ती म्हणाली. "खराब असेल तं खराब म्हणतील. बिघाड कुठं ते सांगतील. अर्थ नाही म्हणजे काय?"

"म्हणजे आता सोड," मी म्हटलं. "एवढं मराठी तं समजते ना तुले?"

फिरतूरामकडे फोन नाही. देवश्री म्हणाली, "उद्या सकाळी मी स्वतः जाऊन विचारून येते. रविवार अजून संपायचा आहे." मी म्हटलं, जा. बाबाराव गाडी तिथंच ठेवून रिक्षानं गेले.

रविवारी सकाळी सात वाजता ती स्कूटी काढून बीरगांवले गेली. सव्वासातले मी बोनट उघडलं.

आता कोणी विचारेल, एवढी घाई काहून? ती येईपर्यंत थांबला असता तं कोणता डोंगर कोसळत होता? लोकायले मी सांगत आलो की बाबारावांले सोमवारी गाडी पाहिजे होती. खोटं आहे. मले भेव होतं. ती खरं काही शोधून आणेल याचं भेव. आणलं तं मग चौतीस वर्षं मी जे तोंड वाजवत आलो त्याचं काय करायचं?

इंजेक्टर उतरवले. मॅनिफोल्डचे बोल्ट काढले. मागच्या बाजूले, हात जेमतेम पोहोचते अशा कोपऱ्यात, एक छोटा बोल्ट होता, त्याच्याखाली दोन काळ्या वायरी दाबलेल्या. पाना लावाले गेलो तं बोल्ट बोटानंच फिरला. निघून हातात आला, हिरवट गंज चढलेला. मी तो भंगाराच्या डब्यात टाकला अन् पुढं गेलो. कम्प्यूटरच्या वायरींचा जुडगा पक्कडीनं कापला, चार जागी. इंजिनच्या हेडवर जुन्या पंपाची जागा कंपनीनं झाकण लावून बंद करून ठेवली होती, ते झाकण उघडून पंप बसवला. कार्बोरेटर बसवला, डिस्ट्रिब्युटर बसवला, डॅशबोर्डमध्ये भोक पाडून चोकची दांडी बाहेर काढली. काम एक नंबर झालं. हात माझे चांगलेच आहेत, त्याइले दोष नाही.

अकरा वाजता देवश्री परतली. फिरतूरामचं दुकान बंद होतं, सासरी बाळाची छट्ठी होती म्हणून तो सारा परिवार घेऊन गावाले गेला होता. हे सांगत-सांगतच ती आत आली अन् गाडीपाशी थांबली. जमिनीवर वायरी पडल्या होत्या, तिनं लाल-निळ्या पेनानं काढलेल्या त्याच.

"तार काटा क्यों?" ती म्हणाली. "प्लग खोल भी तो सकते थे."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. कापलेली वायर परत जोडून बिघाड शोधता येत नाही, हे तिलेही कळत होतं अन् मलेही. तिनं केरोसिननं हात धुतले, जे मळलेच नव्हते, अन् घरी जाऊन बॅग भरली. सोमवारी रमा स्टेशनवर गेली. मी गाडीचं ट्यूनिंग करून राहिलो होतो.

गाडी मात्र झकास चालली. चोक ओढला, पहिल्या चाबीत सुरू. बाबारावांनी मंत्रालयात माझी आरती ओवाळली. जयस्तंभले थांबत नाही म्हणाले, पेट्रोल जरा जास्त पिते पण मानानं नेते. मग काय, रांगच लागली. पंडरीचा एक कापडवाला आला, दोन डेप्युटी साहेब आले, एक ठेकेदार आला. कोणाचं इंजिन थरथरते, कोणाचा लाल दिवा विझत नाही. सारे एकच म्हणायचे, "विनायक भैया, कम्प्यूटर निकाल दो." मी काढायचो. पाच महिन्यांत अकरा गाड्या. मी बाहेर पाटी लावली: 'यहाँ कम्प्यूटर निकाला जाता है'. दात काढणाऱ्यासारखी. काढलेले डबे फळीवर ओळीनं ठेवले होते, आल्यागेल्याले दाखवाले.

देवश्री रमाले फोन करायची. मले विचारायची नाही असं नाही. तब्येत कशी आहे विचारायची. बरी आहे म्हणून रमा सांगायची.

अन् मग एक दिवस दुपारी फिरतूराम आला. त्याले एका जुन्या जीपसाठी डिस्ट्रिब्युटरचं झाकण पाहिजे होतं. चहा सांगितला. चहा पिता-पिता त्याची नजर फळीवर गेली.

"ये अतका कम्प्यूटर काबर निकाले हस, भैया?"

एवढे डबे काहून काढले म्हणते! मी हसलो. म्हटलं, "सुरुवात तूच करून दिली ना बावा. बाबाराव साहेबांची पांढरी गाडी. तूच तं म्हटलं, कम्प्यूटरमध्ये काही अर्थ नाही."

फिरतूरामनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हव, कहे रहेंव. कम्प्यूटर में अर्थ नइ हे, कहे रहेंव. अर्थ, भैया! बॉडी के तार! मैनिफोल्ड के पीछू के बोल्ट ढीला रिहिस. साहब मोबाइल में गोठियात रिहिस, जल्दी में रिहिस, रुकिस नहीं. त मैं कहेंव, विनायक भैया ला बता देबे, अर्थ नइ हे, दस मिनट के काम हे."

ज्याले आमच्या धंद्याची माहिती नाही त्याच्यासाठी सांगतो. बॅटरीतून वीज वायरीनं जाते अन् गाडीच्या बॉडीतून परत येते. बॉडीले जोडलेल्या त्या वायरीले आम्ही अर्थ म्हणतो. इंग्रजी अर्थ, जमीनवाला. ती सैल झाली की वीज मधूनच लागते, मधूनच सुटते. बाबारावांच्या डब्याची अर्थ सैल होती. फिरतूराम म्हणाला अर्थ नहीं है. बाबारावांनी फोनवर बोलता-बोलता अर्ध्या कानानं ऐकलं, त्याचं मराठी केलं, अन् घरी बोलतात तसा पुढं एक 'काही' लावून मले आणून दिलं.

बाबारावांले मी काय बोलू? तो फाईलींचा माणूस. पण मी? दिवसातून वीसदा हा शब्द माझ्या तोंडात असते. अर्थ लाव, अर्थ सुटली, अर्थ कच्ची आहे. दुसऱ्या कोणत्याही दिवशी कोणी गाडीबद्दल अर्थ म्हटलं असतं तं माझा हात आधी बोल्टकडे गेला असता. त्या दिवशी गेला नाही. त्या दिवशी मले जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. अन् बोल्ट माझ्या बोटांत आला होता! सैल, हिरवा, पाना न लावता. पोट्टी तीन दिवस जे शोधून राहिली होती ते मी हातात धरून भंगाराच्या डब्यात फेकलं. गाढव म्हणावं तं गाढव रागावेल.

फिरतूराम झाकण घेऊन गेला. चहाचा अर्धा कप तसाच सोडून गेला, असं तो कधी करत नाही.

मी शटर अर्धं ओढलं अन् नागपूरचा नंबर लावला. सर्विस सेंटरमधल्या कोणीतरी 'देवश्री मॅडम' म्हणून हाक मारली. ती आली.

"बाबा? आई बरी आहे ना?" पाच महिन्यांत मी पहिल्यांदा फोन करून राहिलो होतो, ती घाबरली.

"बरी आहे," म्हटलं. अन् सारं सांगितलं. फिरतूराम काय म्हणाला होता, बाबारावांनी काय ऐकलं, अन् बोल्ट बोटानं निघाला होता तेही. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, तिले कधी कळलं नसतं. पण सांगितलं. "तू बरोबर होती. डब्याले काही झालं नव्हतं. अर्थच होती. पैज तू जिंकली होती, मीच तुले हरवलं. परत ये. डावी बाजू तुझी आहे, बोर्डावर आजच नाव लिहून घेतो."

तिनं तिकडे कोणाले तरी पाण्याचा फवारा बंद कराले सांगितलं.

"बाबाराव काकांले सांगितलं?"

"अजून नाही."

"आई सांगत होती, त्यानंतर अजून गाड्या केल्या म्हणून. किती?"

"अकरा," मी म्हटलं.

"त्या अकरापैकी किती डबे खरंच बिघडले होते?"

मी फळीकडे पाहिलं. साऱ्यांच्या वायरी कापलेल्या, पक्कडीनं, माझ्या हातानं. एकही मी काढण्याआधी तपासला नव्हता. कसा तपासतात ते मले येतच नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "एकही पाहिला नाही."

ती रागावली नाही. लहानपणी पाना देताना विचारायची ना, दहाचा की बाराचा, तशा साध्या आवाजात तिनं विचारलं, "मग बाबा, मी तिथं येऊन तुमच्यासंगं कोणतं काम करू?"

मी फळीवरचा पहिला डबा एका हातानं खाली काढला. ती थांबली होती, म्हणून मी फोन ठेवला नाही.